फौजदाराची शीळ

सूड घ्यायला हत्यार लागतं असं लोक म्हणतात. रत्नाक्काला नुसते ओठ पुरले.

इचलकरंजीतली मागांची गल्ली. तिथं रत्नमाला सातपुते आणि तिची धाकटी जाऊ वैजयंता ऊर्फ वैजू यांची घरं कुशीला कूस लावून उभी होती. मधे एकच भिंत. दोघा भावांनी वाटणी केली तेव्हा ती घातली, आणि वारा खेळावा म्हणून वरच्या अंगाला झरोका ठेवला. पुढं त्या झरोक्यातून वाऱ्यापेक्षा टोमणेच जास्त खेळले.

रत्नाक्काचा नवरा तात्यासो यंत्रमागावर जॉबर होता, म्हणजे माग दुरुस्त करणारा. मागाच्या खडखडाटात हाक ऐकू जात नाही, म्हणून शेडमधली माणसं शिळेवर बोलतात. धागा तुटला त्याची एक शीळ, मालक आला त्याची दुसरी. घरी आल्याची तात्यासोची शीळ मात्र त्याची स्वतःची होती. आधी दोन तुटक सूर, मग एक लांबलेला, आणि शेवट असा वर उचललेला की वाटावं, कुणाला तरी काहीतरी विचारतोय. गल्लीच्या तोंडाशी ती वाजली की घरातून उत्तर जायचं. रत्नाक्काचं नव्हे, फौजदाराचं.

फौजदार म्हणजे कॉकाटील जातीचं पाखरू. राखी अंग, पिवळं डोकं, गालावर शेंदरी टिकल्या आणि डोक्यावर तुरा. तो तुरा ताठ करून दांडीवर येरझाऱ्या घालायचा म्हणून हे नाव. तात्यासो आत आला की चपला काढायच्या आधी पंखा बंद करायचा, खिडक्या लावायचा आणि पिंजऱ्याचं दार उघडायचा. मग फौजदार खांद्यावर आणि तात्यासो चहाला.

एका थंडीत तात्यासो छातीच्या दुखण्यानं गेला. माणूस गेलं, पण शीळ पाखराच्या गळ्यात राहिली. शेडची पाळी सुटून माणसं गल्लीतून जायला लागली की पिंजऱ्यातून ती निघायची, अगदी शेवटच्या उचललेल्या सुरासकट. रत्नाक्कानं आयुष्यात कधी शीळ घातली नव्हती. ती शिकली. उत्तर द्यायची, दार उघडायची, आणि खांद्यावर पाखरू घेऊन एकटीच चहा प्यायची.

त्याचं खाणंपिणं ती तान्ह्या लेकरासारखं बघायची. राळा आणि बाजरी निवडून, सूर्यफुलाच्या बिया मोजक्याच, कारण त्यानं पाखराचं यकृत सुजतं. मेथीची पानं धुवून, चोच घासायला समुद्रफेसाचा तुकडा. घरात उदबत्ती नाही, डासांची कॉईल नाही, आणि नॉनस्टिकचा तवा तर तिनं भंगारात दिला होता, कारण तो जास्त तापला की त्याच्या वाफेनं पाखरू उभ्या उभ्या मरतं.

मग सरकारचा क्षेममापक आला.

पाखरू आजार लपवतं. रानात जो दुबळा दिसला त्याच्यावर शिकारी झडप घालतो, म्हणून पोटात आग पडली तरी पाखरू पंख सावरून ताठ बसतं. मालकाला वाटतं सगळं ठीक आहे, आणि सकाळी ते पिंजऱ्याच्या तळाला मरून पडलेलं असतं. या लपवाछपवीवर शास्त्रज्ञांनी तोडगा काढला. जीव घाबरला की त्याच्या रक्तात एक रस उतरतो आणि तो विष्ठेतून बाहेर पडतो. पिंजऱ्याच्या तळाला एक पट्टी बसवली की तो रस किती ते कळतं. वर एक बारीक डोळा. तो पिसांची ठेवण आणि गळ्याखालची धडधड बघतो. दोन्हींचा हिशेब करून यंत्र सांगतं, पाखरू सुखी आहे की नाही. घराघरातलं बोलणं सरकारनं ऐकू नये असा कायदा झाला होता, म्हणून यंत्राला कान मात्र ठेवले नव्हते.

पाखरू पाळायचं तर क्षेममापक लावायचाच, असा नियम झाला. त्याचा दिवा दाराच्या चौकटीवर, बाहेरून दिसेल असा. हिरवा म्हणजे सुखी, पिवळा म्हणजे लक्ष द्या. लाल महिनाभर राहिला तर पाखरू उचलायचं आणि जवळच्या हिरव्या दिव्याच्या घरी द्यायचं. गल्लीनं त्या यंत्राचं नाव ठेवलं चोंबडं.

रत्नाक्काचा दिवा वर्षभर हिरवा होता. एका दुपारी तो पिवळा झाला, आणि आठवड्यात लाल.

तिनं काय नाही केलं? पिंजरा हलवला, पाणी बदललं, जनावरांच्या डॉक्टरला आणलं. फौजदार भरदुपारी अचानक अंग चोरायचा, तुरा डोक्याला चिकटवून दांडीवर दगडासारखा बसायचा. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. लाल दिव्याकडं बघत येणारेजाणारे म्हणायचे, "माणूस गेल्यावर म्हातारीचं लक्ष राहिलं नसंल."

महिना भरला. निलोफर मुल्ला नावाच्या तरुण निरीक्षकबाई आल्या, अदबीनं बोलल्या, आणि गल्लीदेखत पिंजरा उचलून शेजारच्या दारात नेला. वैजूचा दिवा हिरवा होता. ती लव्हबर्ड आणि कॉकाटील यांची पैदास करायची, तिला परवाना होता, आणि तिच्याइतका हिरवा दिवा पेठेत नव्हता.

त्या संध्याकाळी पाळी सुटली. शीळ वाजली, पण भिंतीपलीकडून.

"वैजे!" रत्नाक्का झरोक्याखाली उभी राहून म्हणाली. "त्याला कपडा लागतो पिंजऱ्यावर. दिवेलागणीला टाक."

"मला शिकवू नकोस, अक्का. त्याला चमच्यानं भरवलंय मी." पलीकडून आवाज आला. "आईनं टाकलेलं पिल्लू होतं. अंगावर पीस नव्हतं. तळहातावर धरून जगवलं, आणि भावजी म्हणाले, एक दिवस नेतो, रत्नीला दाखवतो. तो एक दिवस अजून सरला नव्हता."

"मागायचंस की मग."

"मागितलं. तू काय म्हणालीस आठवतंय? तुझ्याकडं खंडीभर आहेत, एकानं काय बिघडतं."

"म्हणून माझ्या दाराला लाल दिवा लागल्यावर आनंद झाला व्हय तुला?"

पलीकडं वैजू हसली, आणि त्या हसण्यात तिचा तोल गेला. "दिवा काय आपोआप लागतो? माझ्या मोबाईलमध्ये शिकऱ्याचा आवाज आहे. दुपारी ऐकते मी कधी कधी. झरोक्याजवळ रेंज बरी येते."

रत्नाक्का खाली बसली. शिकरा म्हणजे पाखरांचा काळ. ज्यानं आयुष्यात शिकरा बघितला नाही त्या पाखराचंही काळीज त्या आवाजानं गोठतं. भरदुपारी अंग चोरून बसणारा फौजदार तिला आठवला, आणि त्याला कुरवाळत "काय झालं रे राजा" म्हणणारी आपण स्वतः आठवली. तक्रार करायची तर पुरावा काय? चोंबड्याला कान नव्हते.

ती रडली नाही. तिनं तोंड धुतलं, चहा केला आणि विचार केला. वैजूनं भीती वापरली होती. शिकरा निघून गेला की भीती उतरते, रक्तातला रस निवळतो, म्हणून तर वैजूला रोज दुपारी नव्यानं तो वाजवावा लागला. पण वाट बघण्याचं तसं नसतं. पाखरं थव्यानं राहतात. एकानं हाक घातली आणि दुसऱ्याचं उत्तर आलं की दोघांचा जीव थाऱ्यावर येतो. नुसती हाक आली आणि माणूस आलंच नाही, तर? तर पाखरू दाण्याकडं बघत नाही, झोपत नाही, दाराकडं तोंड करून बसतं. खोट्या आशेला उतार नसतो. ज्यांनी क्षेममापक केला त्यांच्या पुस्तकात हे लिहिलेलं असेल-नसेल. रत्नाक्काला ते नवरा गेल्यापासूनच्या संध्याकाळींनी शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजू भाजीला गेल्याचं बघून ती झरोक्याखाली उभी राहिली आणि तिनं शीळ घातली. तात्यासोची.

पलीकडं पिंजरा हादरला. फौजदारानं उत्तर दिलं, पुन्हा दिलं, मग तारांवर चढल्याचा, दाराशी झटल्याचा आवाज. रत्नाक्का काही न बोलता भाकरी थापायला गेली. तिच्या हाताला त्या दिवशी वेगळाच जोर होता.

मग तिनं नेमच धरला. सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि पाळी सुटताना तर हटकून. वैजूच्या चौकटीवरचा दिवा पिवळा झाला तेव्हा रत्नाक्का झाडू घेऊन बाहेर आली आणि तिनं आपल्या अंगणासकट वैजूचंही अंगण झाडून काढलं, तेवढाच वेळ दिव्याकडं बघता यावं म्हणून.

"काय गं वैजे, हळद लागली म्हणायची दाराला!"

"पाखरू नव्या घरात आलंय. रुळेल."

"रुळेल की. कुंकू लागलं की रुळेल."

गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दिवा लाल झाला त्या दिवशी रत्नाक्कानं शिरा केला आणि चार घरी वाटला. कशाबद्दल म्हणून विचारणाऱ्यांना म्हणाली, "असंच. बरं वाटतंय."

ती मनाशी पक्कं धरून होती की वैजूच्या दारात दिवा लाल राहिला की फौजदार मूळ घरी येणार. सासरी नांदता आलं नाही तर लेक माहेरीच येते, दुसरं कुठं जाते? कायदाही माणसांनीच केलेला, तो वेगळं काय सांगणार? असा तिचा हिशेब. तिनं रिकामी जागा सारवली, नव्या दांडीला कडुनिंबाची फांदी सोलून ठेवली.

महिना सरत आला तशी एका दुपारी वैजू दारात उभी राहिली. हातात पिंजरा होता.

रत्नाक्कानं पिंजऱ्याकडं वाकून बघितलं. फौजदाराची छाती उघडी पडली होती. पिसं त्यानं स्वतःच उपटली होती, आणि खालची कातडी वांग्याच्या सालीसारखी जांभळट दिसत होती. तिला बघताच त्यानं तुरा उभारला आणि दाराच्या तारेला चोच लावली.

"अक्का, शीळ बंद कर," वैजू म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "दाणा टिपत नाही गं. सिरिंजनं भरवते, ते पण ओकतो. तुझ्या पाया पडते."

"मी माझ्या घरात शीळ घालते. शिकरा ओरडत होता तेव्हा मी आले होते का तुझ्या पाया पडायला?"

"चुकलं माझं."

"मोठ्यानं म्हण. गल्लीत जाऊन म्हण."

"परवाना जाईल माझा. बाकीची पाखरं कुठं ठेवू?" वैजूनं पिंजरा उंबऱ्यावर ठेवला. "हे बघ, घे तुझं पाखरू. दिव्याचं यंत्र पण तुझ्याकडं बसवू, कुणाला कळत नाही. आत घे. मी काही मागत नाही."

हात लांबवला असता की झालं असतं. पिंजरा तिच्या पावलापासून वीतभर होता. फौजदार तारेला चोच घासत होता. रत्नाक्काचा हात उचललाही गेला. पण तेवढ्यात समोरच्या घरातली बाई सूप घेऊन बाहेर आली, आणि तिला तो दिवस आठवला, मुल्लाबाई पिंजरा घेऊन जाताना याच दारात आपण कशा उभ्या होतो, आणि हीच बाई कशी बघत होती.

"चोरून कशाला घेऊ?" ती म्हणाली. "माझ्या दारातून नेताना गल्लीनं बघितलं ना? आता तुझ्या दारातून काढून माझ्या दारात आणताना पण बघू दे. घेऊन जा."

"अक्का, मरेल गं ते!"

"दोन दिवसांत बाई येतील, तेवढ्यात काही मरत नाही. चिवट पाखरू आहे माझं." आणि तिनं दार लावलं.

आतून तिला फौजदाराची शीळ ऐकू आली. त्या दिवशी तिनं उत्तर दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दिलं, शेवटचा घाव म्हणून.

मुल्लाबाई आल्या तेव्हा वैजूच्या ओसरीवर गल्ली जमली होती. बाईंनी पट्टी तपासली, उघडी छाती बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात फौजदारानं मान वर करून शीळ घातली, आणि तिच्या शेवटच्या सुराबरोबर दाराकडं बघत राहिला.

"ही शीळ कुठं शिकला हा?" त्यांनी विचारलं.

"आमच्या मालकांची," गर्दीतून रत्नाक्का म्हणाली.

"घरात अजून कुणी घालतं का तशी? कुणाच्या शिळेची तो अशी वाट बघत असेल तर मला कळायला हवं."

 वैजूनं रत्नाक्काकडं बघितलं. तिनं तोंड उघडलं असतं तर शीळ बाहेर पडली असती, आणि शिळेमागून शिकराही. वैजूनं ओठ मिटले.

"मालक गेले आमचे," रत्नाक्का म्हणाली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मुल्लाबाईंनी मान हलवली आणि पैदास करणाऱ्याच्या दारात महिनाभर लाल दिवा राहिला म्हणून वैजूचा परवाना रद्द झाल्याचं सांगितलं. लव्हबर्डचे थवे, अंड्यावर बसलेल्या माद्या, सगळे पिंजरे एकामागून एक गाडीत चढले. वैजू खांबाला धरून उभी होती.  रत्नाक्कानं ते डोळे भरून बघितलं. इतकं गोड तिला कित्येक महिन्यांत काही लागलं नव्हतं.

मग तिनं पदर खोचला आणि पुढं झाली. "द्या इकडं. जागा सारवून ठेवलीय त्याची."

"कुणाची?" मुल्लाबाई म्हणाल्या.

"फौजदाराची. तिच्याकडं नांदला नाही, आता मूळ घरी येणार की."

बाईंनी तिच्याकडं वळून बघितलं. "आजी, दोन घरांत लाल दिवा लागला तर पाखराला पुन्हा घर मिळत नाही. हा आता सरकारी पक्षीघरात जाईल, कोल्हापूरच्या पलीकडं. तिथंच राहील. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिनं कुणाला विचारलं नव्हतं. गाडीचं दार लागलं. आतून शीळ आली, आणि गाडी वळेपर्यंत येत राहिली.

त्यानंतर दोन्ही घरं गप्प झाली. झरोक्यातून आता नुसता वारा यायचा.

उन्हाळा सरताना मुल्लाबाई स्वतःहून सांगायला आल्या. फौजदार खातो, पिसं फुटली आहेत, भेटायला या. "फक्त एक सांभाळा," त्या म्हणाल्या. "तिथल्या इतर कॉकाटीलनी त्याची ती शीळ उचललीय. तो घालतो, ते उत्तर देतात. म्हणून तर सावरला. पण परवा एका पाहुण्यानं गंमत म्हणून तीच शीळ घातली. पाखराच्या आणि माणसाच्या शिळेतला फरक त्याला कळतो. लगेच जाळीच्या दाराशी जाऊन बसला. चार दिवस दाण्याला शिवला नाही. पुन्हा तसं झालं तर वाचेल याची खात्री नाही. तुम्ही तर घरच्या. तुम्ही अजिबात नको."

रत्नाक्का पुढच्या रविवारी गेली.

पक्षीघर म्हणजे टेकडीखालची एक झाडी, वरून जाळी टाकलेली. प्रत्येक पाखराच्या पायात कडी आणि कडीवर मोहरीएवढा दिवा. जाळीबाहेर बाकडी होती. एका बाकड्यावर वैजू बसली होती.

"दर रविवारी येते मी," वैजू न विचारता म्हणाली. "तू कधी येतीस आणि शीळ घालतीस का ते बघायला."

रत्नाक्का तिच्याकडं न बघता जाळीशी गेली. आत झाडावर राखी पाखरांचा घोळका होता. सगळी सारखीच दिसत होती, पण त्यातलं एक उडालं, जाळीला येऊन लटकलं, आणि त्यानं तुरा उभारला. छाती भरली होती. पायातला दिवा हिरवा होता.

फौजदारानं शीळ घातली.

इतक्या जवळून तिनं ती कितीतरी दिवसांनी ऐकली. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी उभं होतं, चपला न काढता पंखा बंद करणार होतं. शेवटचा सूर वर गेला आणि तिथंच थांबून राहिला.

"वाजव की, अक्का," मागून वैजू म्हणाली. "एवढी लांबून आलीस. विचारतोय तो. उत्तर दे."

रत्नाक्काचे ओठ आपोआप गोळा झाले. तिनं पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला.

फौजदारानं मान तिरकी केली. पुन्हा शीळ घातली. पायातला दिवा हिरव्यावरून पिवळ्याकडं सरकला. रत्नाक्का दातांखाली पदर दाबून उभी होती. वैजू बाकड्यावरून उठून बघायला पुढं आली होती.

मग मागच्या झाडावरून कुण्या दुसऱ्याच पाखरानं उत्तर दिलं. थोडं बेसूर, शेवटचा तुकडा आखूड. फौजदारानं मान वळवली. क्षणभर जाळीला लटकून राहिला, मग सुटला आणि त्या झाडाकडं उडाला. फांदीत दिवा पुन्हा हिरवा झाला आणि पानांत मिसळून गेला.

रत्नाक्कानं तोंडातला पदर काढला. तो ओला झाला होता.

"झालं समाधान?" तिनं विचारलं.

 वैजूनं पिशवी उचलली आणि ती बसथांब्याच्या वाटेला लागली. इचलकरंजीला जाणारी बस एकच होती. रत्नाक्का तिच्या मागून चालायला लागली, दहा पावलांचं अंतर ठेवून, आणि आत झाडीत एकामागून एक सगळी पाखरं तिच्या नवऱ्याची शीळ घालत होती.